गंभीर आजारातून सावरणाऱ्या रुग्णाला जवळच्या सामुदायिक रुग्णालयात हलवावे का?
प्रकृती स्थिर आहे असे मोठ्या रुग्णालयाने लेखी कळवले असेल, तर हलवणे बहुधा हिताचेच ठरते. अतिदक्षता विभागात पहिल्या 7 ते 10 दिवसांतच मांडीचे स्नायू इतके झिजतात की पलंगाच्या कडेवर आधाराविना बसणेही अनेकांना जड जाते. ही ताकद रोजच्या फिजिओथेरपीने आणि पुरेशा प्रथिनांनी हळूहळू परत येते, आणि त्यासाठी घरच्यांना सतत ये-जा करता येईल असे रुग्णालय फार उपयोगी पडते. व्हेंटिलेटरची नळी काढल्यानंतर गिळताना ठसका लागतो का, हे मात्र पाणी पाजण्याआधीच तपासून घ्यावे (याकडे दुर्लक्ष होते, म्हणून आवर्जून सांगतो). डिस्चार्जच्या कागदावरील प्रत्येक औषध नव्या डॉक्टरांसमोर पडताळून पाहावे. झोपमोड, विसराळूपणा किंवा भीती काही महिने राहू शकते, तीही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी.