वाचकांचे प्रश्न : लीगल एड क्लिनिकमधलं पहिलं दिवाणी प्रकरण

प्रश्न : आमच्या विधी महाविद्यालयाच्या लीगल एड क्लिनिकमध्ये यंदापासून दिवाणी तक्रारी घ्यायच्या आहेत. पक्षकार समोर बसला की सुरुवात कुठून करायची?

उत्तर : विरुद्ध बाजूच्या नावापासून. सगळी हकीकत ऐकून झाल्यावर कळलं की त्याच वादातली दुसरी बाजूही तुमच्याकडे येऊन गेली आहे, तर दोघांचंही काम अडचणीत येतं. म्हणून आधी रजिस्टरमध्ये दोन्ही नावं तपासा.

मग पक्षकाराला मध्ये न तोडता बोलू द्या. दुसऱ्या फेरीत तीन रकान्यांचा तक्ता करा : तारीख, काय घडलं, कागद कोणता. जिथे तिसरा रकाना रिकामा राहतो, तिथेच पुढचे प्रश्न विचारायचे असतात. मूळ कागद ठेवून घेऊ नका. झेरॉक्स काढून लगेच परत द्या. नोटीस आली असेल तर तिचं पाकीटही मागा, कारण त्यावरच्या टपाल शिक्क्यांचा तारीख पडताळायला उपयोग होतो.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते मुदत चुकल्यामुळे. विद्यार्थी समन्सवर छापलेली तारीख टिपतात, पण लेखी कैफियतीचे, म्हणजे प्रतिवादीने दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराचे, ३० दिवस समन्स बजावल्यापासून मोजतात. कारणं नोंदवून कोर्ट ९० दिवसांपर्यंत वेळ देऊ शकतं. त्या भरवशावर मात्र कुणाला ठेवू नका. हातउसन्या पैशांची परतीची तारीख ठरलेली नसेल, तर दाव्याची ३ वर्षं पैसे दिल्यापासून धरतात. त्या मुदतीच्या आत ऋणकोने कर्ज मान्य करून सही केली असेल, तर मुदत सहीपासून नव्याने सुरू होते. तशी चिठ्ठी आहे का, हे आवर्जून विचारा. लोक ती आपणहून दाखवत नाहीत.

प्रश्न : उत्पन्नाचा दाखला नसलेल्या माणसाला परत पाठवायचं का?

उत्तर : अजिबात नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत कायदेशीर मदतीसाठी स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांच्या बाबतीतही अविश्वासाला कारण नसेल तर शपथपत्र पुरेसं मानता येतं. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे करा. दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावलेला माणूस पुन्हा येतोच असं नाही, आणि मुदत तर चालूच असते.

प्रश्न : मला कोर्टात बाजू मांडता येईल?

उत्तर : सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळेपर्यंत नाही. वकीलपत्रही तुमच्या नावाने होत नाही. मसुदा तुम्ही लिहा, तपासून सही वकिलांनी करावी. ‘केस जिंकाल का?’ या प्रश्नाला फोनवर परस्पर उत्तर देऊ नका. पक्षकार ते क्लिनिकचा सल्ला म्हणूनच धरून चालतो.

प्रश्न : परीक्षेच्या काळात फायलींचं काय करायचं?

उत्तर : इथेच बहुतेक क्लिनिक ढिली पडतात. सुट्टी लागण्याआधी प्रत्येक फाइलच्या वर एक पान लावा : पुढची तारीख, मुदत कधी संपते, कोणता कागद यायचा आहे, पक्षकाराला शेवटचं काय सांगितलं. मुदती देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांच्या डायरीतही चढवा. फाइल कुणाकडे गेली हे पक्षकाराला स्वतः फोन करून कळवा आणि नव्या विद्यार्थ्याशी त्याच फोनवर बोलणं करून द्या.