परखड की प्रांजळ?

सिंदेवाही तालुक्यातील (जि. चंद्रपूर) एका वाचकाने विचारले आहे की, न्यूयॉर्कच्या ‘मॉब डीप’ या रॅप जोडीतील प्रॉडिजीचे २०११ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र वाचून त्याविषयी लिहिताना त्यांनी त्याला ‘परखड आत्मचरित्र’ म्हटले, ते त्यांच्या शिक्षक मित्राला खटकले, तर येथे नेमके विशेषण कोणते?

मित्राचे म्हणणे मला रास्त वाटते. ‘परखड’ हा शब्द मराठीत बहुधा दुसऱ्याकडे तोंड करून उभा असतो. टीका परखड असते, मत परखड असते, परखड शब्दांत आपण कोणाला तरी सुनावतो. परंतु ‘परखड कबुली’ असे कोणी म्हणत नाही, कबुली प्रांजळच असते. संस्कृतात ‘प्राञ्जल’ म्हणजे सरळ, आणि मराठीने तो सरळपणा प्रामुख्याने बोलणाऱ्याच्या मनाला लावला. स्वतःविषयी अवाक्षर न काढताही माणूस परखड राहू शकतो, प्रांजळ माणसाला मात्र ती सवलत नाही.

प्रॉडिजीच्या पुस्तकात दोन्ही गोष्टी आहेत. रॅपच्या जगातील वैरांविषयी आणि सहकाऱ्यांविषयी तो लिहितो तेव्हा तो परखड असतो, यात शंका नाही. पण स्वतःचे गुन्हे, तुरुंगवास आणि लहानपणापासून सोसलेला सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार यांविषयी तो ज्या मोकळेपणाने लिहितो, त्याला ‘परखड’ हा शब्द पुरत नाही. तुम्ही लिहिता की, तुमच्या घरीही हा आजार आहे आणि लग्नाची बोलणी फिसकटतील या धास्तीने त्याचे नाव चारचौघांत काढले जात नाही. म्हणूनच, हे दुखणे ज्याने २००० साली गाण्यात मांडले आणि पुढे पुस्तकातही लिहिले, त्या माणसाविषयीची तुमची आपुलकी तुमच्या पत्रात ओळीओळीत जाणवते.

तुमच्या पत्रात ओघात आलेला ‘निर्भीड’ हा शब्दही येथे चुकीचा नाही. अनेकजण तो ‘निर्भय’ याच अर्थाने वापरतात, पण त्यात भीती नसून भीड आहे, म्हणजे लोक काय म्हणतील हा संकोच. ‘भिडस्त’ हा शब्दही त्याच भिडेतून आला. पूर्व विदर्भातील गावांत सिकलसेलविषयी तोंड उघडायला आड येते ती पुष्कळदा हीच भीड, त्यामुळे त्या प्रकरणांपुरते ‘निर्भीड’ हे विशेषण मी आनंदाने मान्य करीन. ‘बेधडक’ मात्र टाळावा, कारण त्यात परिणामांचा विचार न केल्याची छटा आहे आणि जन्मभराचे दुखणे सांगणाऱ्या माणसावर ती अन्याय करते.

तुमच्या पत्रातील ‘त्यानं सप्पा सांगून देल्लं’ हे वाक्य लेखात प्रमाण मराठीत बदलू नये, असे मला मनापासून वाटते. प्रमाण भाषेत येथे ‘सगळे सांगून टाकले’ असे येईल. त्या ‘टाकणे’मध्ये ओझे उतरवल्याचा भाव आहे, तर तुमच्या ‘देणे’मध्ये ऐकणाऱ्याच्या हाती काही तरी सोपवल्याचा, आणि प्रॉडिजीच्या पुस्तकाने तुमच्या बाबतीत तेच केले आहे. संपूर्ण पुस्तकाला एकच विशेषण द्यायचे असेल, तर ‘प्रांजळ आत्मचरित्र’ असे लिहावे आणि ‘परखड’ हा शब्द वैरांच्या प्रकरणांसाठी राखून ठेवावा.