दहावीचं इंग्रजी : तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं

दिवाळीची सुट्टी संपली की माझ्याकडच्या पत्रांत दहावीचं इंग्रजी डोकावू लागतं. या अंकात फक्त तीच पत्रं घेतली आहेत. मी माण तालुक्यात मराठी माध्यमाच्या मुलांना शिकवत आले, त्यामुळे ही उत्तरं राज्य मंडळाच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या, म्हणजे 'माय इंग्लिश कोर्सबुक' हे पुस्तक असणाऱ्यांच्या कामाची आहेत. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं पुस्तक वेगळं आणि पेपरही वेगळा. इथली इंग्रजी वाक्यं देवनागरीत छापली आहेत. मुलांनो, ती वहीत इंग्रजी लिपीत उतरवून घ्या. स्पेलिंगला कुठे अडतं ते तेवढ्यात कळेल.

बाई, मला सगळे काळ पाठ आहेत. सूत्रं विचारा, घडाघडा सांगते. पण स्वतःचं वाक्य लिहिलं की सर त्याखाली लाल रेघ मारतात. माझं काय चुकतंय?
*दहावीतली विद्यार्थिनी, सांगोला*

तुझी सूत्रं बरोबर असणार, त्याबद्दल मला शंका नाही. पण वाक्य तुला आधी मराठीत सुचतं, आणि मराठीचे काळ इंग्रजीच्या काळांवर नेमके बसत नाहीत. तीन जागा सांगते. तुझ्या वहीतल्या बहुतेक लाल रेघा याच तिघींच्या असतील.

पहिली जागा 'गेलो होतो'ची. 'आम्ही मे महिन्यात मामाकडे गेलो होतो' हे मराठीत अगदी शुद्ध आहे. म्हणून तू लिहितेस, 'वुई हॅड गॉन टू अवर अंकल्स हाउस इन मे.' इंग्रजीला इथे साधा भूतकाळ पुरतो, 'वुई वेंट'. काळातला हॅड कधी येतो? भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी घडलेली दाखवायची असते तेव्हा. 'व्हेन वुई रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' आम्ही पोचलो आणि एसटी त्याआधीच सुटलेली. अशी दुसरी घटना आसपास दिसत नसेल, तर हॅड लिहू नकोस.

दुसरी जागा 'पाहिलाय'ची. 'मी कालच तो सिनेमा पाहिलाय' असं आपण सहज म्हणतो आणि मराठीत ते खटकत नाही. इंग्रजीत 'येस्टरडे' आणि 'हॅव सीन' एका वाक्यात नांदत नाहीत. काल, गेल्या वर्षी, दोन दिवसांपूर्वी, 2019 मध्ये, असा संपलेला वेळ सांगितलास की 'आय सॉ दॅट फिल्म येस्टरडे' एवढंच लिहायचं.

तिसरी जागा दुसऱ्याचं बोलणं सांगण्याची, आणि इथेच सर्वांत जास्त गुण जाताना मी पाहिले आहेत. 'दादा म्हणाला की मी उद्या येतो.' मराठी दादाचे शब्द आहेत तसे ठेवते. मुलं मध्ये एक 'दॅट' टाकतात आणि बाकीचं वाक्य तसंच ठेवतात, 'माय ब्रदर सेड दॅट आय विल कम टुमारो'. आता तूच वाचून पाहा. येणार कोण, दादा की तू? इंग्रजी वाचणाऱ्याला वाटेल, तूच येणार आहेस. म्हणून तीन बदल लागतात. 'मी'चा 'तो' होतो, क्रियापद एक पाऊल मागच्या काळात जातं आणि 'उद्या'चा 'दुसऱ्या दिवशी' होतो. 'माय ब्रदर सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' कोण, कधी, कोणाला, हे प्रश्न वाक्याला विचारलेस तर नियम आपोआप आठवतो.

सरावासाठी रोज रात्री आपल्याच दिवसाची पाच वाक्यं लिही. एक आज घडलेलं, एक त्याच्याही आधी घडून गेलेलं, एक रोज घडणारं, एक उद्याचं, आणि एक कोणीतरी बोललेलं. सकाळी उठून ती मोठ्याने वाच आणि फक्त क्रियापदांखाली रेघ मारून तपास. वाक्यं खरी असावीत. माझ्या वर्गात एका मुलीने पहिल्या तासाला लिहून दाखवलं होतं, 'अवर गोट हॅज गिव्हन बर्थ टू टू किड्स धिस मॉर्निंग.' सकाळ अजून चालू होती, म्हणून 'हॅज गिव्हन' अचूक. तेच वाक्य तिने संध्याकाळी लिहिलं असतं तर 'गेव्ह' लागलं असतं. त्या शेळीमुळे अख्ख्या वर्गाला तो फरक समजला. गाइडातल्या 'राम ईट्स अ मँगो'ने तो आधी कोणालाच समजला नव्हता.

क्वेश्चन टॅग मला कधीच जमत नाहीत. काही युक्ती?
*विद्यार्थी, गंगाखेड*

मराठीत एकच 'ना' सगळीकडे चालतो. येतोस ना, गेली ना, आहेत ना. इंग्रजीत प्रत्येक वाक्याची शेपटी त्याच वाक्याच्या क्रियापदातून काढावी लागते. वाक्यात इज, आर, कॅन, विल असं काही असेल तर तेच उचल. नसेल तर लपलेलं डू, डझ किंवा डिड शोध. 'शी सिंग्ज वेल'मध्ये शेवटच्या एसमागे 'डझ' लपलेलं आहे, म्हणून 'डझंट शी?' मग होकाराचा नकार कर, नकाराचा होकार, आणि नावाऐवजी सर्वनाम ठेव. 'नेव्हर' आणि 'हार्डली' हे शब्द दिसायला साधे, पण अर्थाने नकारी. 'ही नेव्हर लाइज, डझ ही?' आणि 'आय ॲम लेट'ची शेपटी 'आरंट आय?', ही एक तेवढी पाठ करून टाक.

माझ्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. मुलगा पहिलीपासून शिकतोय, तरी उताऱ्यावरचे प्रश्न सोडवता येत नाहीत. वाचतो भराभर, अर्थ विचारला की गप्प. क्लास लावला, फरक नाही. मला स्वतःला इंग्रजी फारसं येत नाही. काय करू?
*एक वडील, बार्शी*

तुमच्या पत्रात काळजी आहे आणि थोडा रागही आहे. तो राग मुलावर काढू नका, एवढी विनंती आधी करते. राज्यात 2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं हे खरं, पण वर्षं वाढली म्हणून प्रत्येक मुलाच्या वाट्याला वाचन वाढलंच असं नाही. पाठावरचे प्रश्नोत्तर फळ्यावरून उतरवून घेणं म्हणजे वाचन नव्हे.

अर्थ लागत नाही म्हटलं की सगळे शब्दांच्या याद्या पाठ करायला लावतात. शब्द हवेतच. पण मी शब्द येत असलेली मुलंही वाक्यात हरवताना पाहिली आहेत. हे वाक्य बघा, 'व्हेन द रेन्स फेल्ड, द व्हिलेजर्स हू हॅड डग ट्रेंचेस स्टिल हॅड वॉटर इन देअर वेल्स.' यातला एकही शब्द माणच्या मुलांना अनोळखी नव्हता. चर त्यांनी आईवडिलांबरोबर खणलेले, आटलेल्या विहिरी तर जन्मापासून पाहिलेल्या. तरी 'पाणी कोणाच्या विहिरीत होतं?' या प्रश्नाला अर्ध्या वर्गाचं उत्तर आलं, 'सगळ्या गावाच्या'.

कारण रचनेत आहे. आपण म्हणतो, 'ज्या गावकऱ्यांनी चर खणले होते, त्यांच्या विहिरींना पाणी होतं.' ज्या आणि त्या अशी जोडी असते, एक बाजू संपते आणि मग दुसरी सुरू होते. इंग्रजी 'ज्या'वालं वाक्य उचलून गावकऱ्यांच्या लगेच मागे, वाक्याच्या पोटात घालतं, आणि 'त्या' म्हणतच नाही. डोळा तिथे घसरतो. म्हणून मुलाला हू, व्हिच, दॅट दिसलं की पेन्सिलीने तिथून कंस सुरू करायला सांगा आणि तो तुकडा संपेल तिथे बंद करायला. कंसाबाहेर उरतं ते मुख्य वाक्य, 'द व्हिलेजर्स स्टिल हॅड वॉटर'. मग कंस उघडून विचारायचं, कुठले गावकरी?

दुसरा घोटाळा ही, शी, इट, दे यांचा. 'इट' म्हणजे बैल की बाजार, हे न ठरवताच मुलं पुढे जातात. प्रत्येक सर्वनामापासून मागे ज्याच्याबद्दल ते आहे त्या शब्दापर्यंत बाण काढायचा. सुरुवातीला पान बाणांनी भरून जाईल. भरू द्या. काही आठवड्यांत बाण न काढताच डोळा मागे जाऊ लागतो.

तुम्हाला इंग्रजी येत नाही म्हणता, पण या कामात तुम्ही उत्तम शिक्षक व्हाल. रात्री जेवणानंतर त्याने एक परिच्छेद मोठ्याने, सावकाश वाचावा. भराभर नको, त्या वेगात अर्थ मागे राहतो. मग पुस्तक मिटून तुम्हाला मराठीत सांगावं. तुम्ही फक्त विचारायचं, कोण? काय केलं? का? आधी काय झालं? जिथे तो 'म्हणजे... तसंच काहीतरी' म्हणेल, तिथे पुस्तक पुन्हा उघडायचं.

वाचायला दहावीचंच पुस्तक हवं असं नाही. ई-बालभारतीवर सगळ्या इयत्तांची पुस्तकं फुकट उतरवता येतात. सहावीपासून सुरुवात करा. ज्या पानावर तो फारसा न अडखळता पुढे जातो, ते त्याचं पान. तिथून वर चढायचं. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर एकच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मिळते. आधी मराठी वाचली तरी हरकत नाही.

आता पेपराचं. उताऱ्याखाली पाच कृती असतात, प्रत्येकी 2 गुणांच्या. पहिल्या दोन उताऱ्यात काय आहे याच्या, तिसरी शब्दांची, चौथी व्याकरणाची, पाचवी स्वतःच्या मताची. पहिल्या दोनची उत्तरं शोधून त्यांखाली रेघ मारल्याशिवाय लिहायला घेऊ नये. पाचवी बरेचजण कोरी सोडतात. साध्या वाक्यांत आपलं म्हणणं लिहिलं तरी गुण मिळतात, मग सोडायची कशाला? पाठ्यपुस्तकाबाहेरच्या उताऱ्याचा 5 गुणांचा सारांशही लिहायचा असतो. त्यात उदाहरणं, संवाद आणि पुनरुक्ती गाळायची. कंसाचा सराव झालेल्या मुलाला तो सोपा जातो, कारण गाळण्याजोगं पुष्कळसं कंसातच असतं.

बाई, मी आठवीत शाळा सोडली. आता पस्तिशीत 17 नंबरचा, म्हणजे बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरलाय. दिवसभर ब्लाउज शिवते. इंग्रजी अक्षरं वाचता येतात, वाक्य जमत नाही. निदान पास होण्यापुरतं जमेल का? मुलगी सातवीत आहे, तिच्यासमोर पुस्तक उघडायला संकोच वाटतो.
*एक वाचक, उल्हासनगर*

ताई, जमेल. धीर द्यायचा म्हणून म्हणत नाही, पेपरातले गुण मोजून सांगते.

लेखी पेपर 80 गुणांचा. पहिला प्रश्न 10 गुणांचा, त्यात बरंचसं शब्दांचं काम. शब्द वर्णानुक्रमे लावा, गाळलेली अक्षरं भरा, एका मोठ्या शब्दातल्या अक्षरांतून छोटे शब्द करा, शब्दसाखळी पुरी करा, विरामचिन्हं द्या. अक्षरं वाचता येणाऱ्या माणसाला रोजच्या थोड्या सरावाने यातले बरेच गुण मिळतात. शेवटच्या प्रश्नात 5 गुणांचं भाषांतर, इंग्रजीतून मराठीत. चार शब्द, दोन वाक्यं, एक वाक्प्रचार किंवा म्हण. इथे तुमची मराठी तुमच्या बाजूने उभी आहे, आणि ती शाळेतल्या मुलांपेक्षा पिकलेली आहे.

पुस्तकातल्या उताऱ्यांना 20 आणि कवितांना 10 गुण. हे पाठ तुम्हाला आधीच वाचून ठेवता येतात, ही मोठी सोय आहे. प्रत्येक पाठाचा अर्थ प्रथम मराठीत नीट समजून घ्या, कोणाकडून तरी ऐका. मग इंग्रजी पान उघडा. गोष्ट ठाऊक असली की अनोळखी शब्दाचा अंदाज येतो आणि भीती कमी होते. पत्रासाठी आधी मांडणी पक्की करा, पत्ता, तारीख, विषय, मायना, शेवट. मजकूर छोट्या वाक्यांत लिहा. 'माय नेम इज', 'आय वर्क', 'आय वाँट', 'प्लीज सेंड' एवढ्यावर सुरुवातीचं पत्र उभं राहतं.

उरलेले 20 गुण तोंडी परीक्षेचे. तिची तारीख ज्या शाळेत तुमचा अर्ज आहे तिथे आत्ताच विचारून ठेवा. बाहेरून बसणाऱ्यांपर्यंत निरोप वेळेवर पोचतोच असं नाही आणि त्यात हकनाक नुकसान होतं. तिथे स्वतःच्या कामाबद्दल बोला. चेस्ट, वेस्ट, शोल्डर, स्लीव्ह, लायनिंग, हुक, कटिंग हे शब्द तुमच्या तोंडात रोज आहेत. मापाच्या वहीत ते उद्यापासून इंग्रजीत लिहा. मग वाक्य करा. 'आय स्टिच ब्लाउजेस. आय टेक द मेजरमेंट फर्स्ट. देन आय कट द क्लॉथ.' ही तीन वाक्यं साध्या वर्तमानकाळाची आहेत, आणि रोजच्या कामाला हाच काळ लागतो. ग्राहक बाईबद्दल सांगाल तेव्हा क्रियापदाला एस जोडा, 'शी वाँट्स अ डीप नेक.' व्याकरण इथूनच सुरू करा.

मुलीचं म्हणाल, तर तिचंच सातवीचं पुस्तक घ्या. एक वाक्य तिने वाचायचं, तेच तिच्यामागून तुम्ही. तिचाही उच्चार सुधारेल. निकाल लागला की मला नक्की कळवा, मी वाट बघेन.

गाइडमधली पत्रं आणि भाषणं पाठ केली तर चालतील का? आणि पेपर वेळेत संपत नाही, त्याचं काय करू?
*विद्यार्थी, चिपळूण*

पाठ केलेलं पत्र विचारलेल्या विषयावर बसत नाही, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं. दोन-तीन नमुने वाच, मांडणी घे, मजकूर स्वतःचा लिही.

वेळेचं म्हणशील तर पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी हातात मिळायची. 2023 पासून ती दहा मिनिटं शेवटी मिळतात, म्हणून पेपर 11 ते 2.10 चालतो. घरी सराव करताना घड्याळ तसंच लाव. पत्र आणि इतर लेखन अगदी शेवटावर ढकलू नकोस, त्याला विचार लागतो. शेवटच्या दहा मिनिटांत नवीन काही लिहायला घेऊ नकोस. पहिल्या पानापासून फक्त क्रियापदं बघत ये. ही, शी, इट यांच्यापुढे एस राहिलाय का, 'डिड'नंतर चुकून पुन्हा भूतकाळ लिहिलाय का, 'येस्टरडे'शेजारी 'हॅव' बसलंय का, एवढं तपास.