तीन महिन्यांच्या मोजणीवर टॉवरचं उरलेलं आयुष्य सांगता येतं का?

चाळकेवाडीच्या पठारावरच्या तुमच्या पवनचक्कीची २० वर्षं भरत आलीत, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी स्ट्रेन गेज (पत्रा किती ताणला जातो ते मोजणारे सेन्सर) लावून उरलेलं आयुष्य काढून देतो असं एक कंपनी म्हणते. गेज जरूर लावा, पण या तीन महिन्यांवर थांबू नका. साताऱ्याच्या पठारांवर वाऱ्याचा खरा जोर जून ते सप्टेंबर असतो. टॉवरला शीण येतो तो तेव्हा. पावसाळा मोजणीत नसेल तर तो आकडा मी धरणार नाही.

थोडी चूकही इथे फार महाग पडते. वेल्डच्या फटीगच्या (पुन्हापुन्हा ताण येऊन होणाऱ्या झिजेच्या) हिशोबात ताणाच्या चढउताराचा साधारण तिसरा ते पाचवा घात येतो. म्हणजे खरा ताण धरल्यापेक्षा १० टक्के जास्त निघाला, तर झीज ३३ ते ६१ टक्के जास्त!

म्हणून आधी कॅलिब्रेशनचं विचारा. वारा पडलेला असताना नॅसेल (टॉवरच्या डोक्यावरची जनरेटरची पेटी) सावकाश पूर्ण फेरा फिरवतात. तिचं वजन टॉवरच्या बरोबर मध्यावर नसतं, त्यामुळे बुंध्याभोवती ९०-९० अंशांवर लावलेल्या चारही गेजवर साइन वेव्ह उमटते. त्यावरून प्रत्येक गेजचा शून्य कुठे आणि तोंड कोणत्या दिशेला हे पक्कं होतं. उन्हाने एकाच बाजूचा पत्रा तापतो, तेव्हा तापमानाची नोंदही हवीच.

दुसरं, रेनफ्लो मोजणी (ताणाची लहानमोठी आवर्तनं मोजायची पद्धत) फक्त दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांत करत असतील तर सगळ्यांत मोठी आवर्तनं सुटतात: सकाळी मशीन बंद, दुपारी फुल लोड, रात्री परत बंद. ती वेगळी जोडून घ्यायला लावा.

आणि मागच्या २० वर्षांचं काय? तेव्हा गेज नव्हते. त्यासाठी स्काडाच्या (मशीनचा डेटा नोंदवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या) जुन्या नोंदी लागतात: वाऱ्याचा वेग, पॉवर, आणि विशेषतः ग्रिड गेल्यामुळे झालेले इमर्जन्सी स्टॉप, कारण प्रत्येक स्टॉपला टॉवर बराच वेळ डोलत राहतो. आज प्रत्येक स्थितीत किती झीज होते ते मोजायचं आणि जुन्या नोंदींवर लावायचं. नोंदी हरवल्या असतील तर उत्तर मॉडेलवरच उभं राहील, आणि अहवालात तसं स्पष्ट लिहिलेलं हवं.

मायनरची बेरीज (प्रत्येक आवर्तनाने खाल्लेल्या आयुष्याच्या वाट्यांची बेरीज) १ झाली म्हणजे टॉवर पडला असं नव्हे. कारण डिझाइनचा एस-एन आलेख (किती ताणाला किती आवर्तनं टिकतील ते दाखवणारा) साधारण ९७.७ टक्के नमुने टिकतील अशा बेताने आखलेला असतो.

बुंध्यावरचे गेज फ्लँजच्या (टॉवरचे भाग जोडणाऱ्या कड्यांच्या) बोल्टांबद्दल आणि पायाबद्दल मात्र फारसं सांगत नाहीत. बोल्टांचा ताण, दरवाजाच्या चौकटीचं वेल्ड आणि पायाच्या काँक्रीटमधल्या भेगा यांची तपासणी त्याच वर्क ऑर्डरमध्ये घाला.