घरी पेटी नीट वाजते, भजनात बसलो की बोटं अडखळतात. काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे : "वय ४१, उदगीरला राहतो. दीड वर्षापासून मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पेटी शिकतोय. घरी आठ-दहा अभंग छान वाजतात, पण गल्लीतल्या भजनात बसलो की दुसऱ्याच ओळीला गाडी घसरते. क्लास लावू की नाद सोडू?"

नाद सोडू नका. क्लास लावायचा तर लावा, पण तुमचं दुखणं एकट्या क्लासनं जाईल असं मला वाटत नाही. हेच दुखणं मी स्वतः दोन वर्षं अंगावर काढलंय, म्हणून सांगतो.

माझं परभणीत बी-बियाणं आणि खतांचं दुकान आहे. दर गुरुवारी रात्री शटर अर्धं ओढलं की मागच्या गोदामात आम्ही चौघं-पाचजण बसतो. गायला एक रिटायर्ड गुरुजी. तबला-पखवाजाला मामा, ते एसटीवर ड्रायव्हर होते. कीबोर्ड घेऊन येणारी एक कॉलेजची पोरगी, ती मला काका म्हणते. टाळ धरायला ज्याला वेळ असेल तो. पोत्यांना टेकायचं, मधे स्टूलवर थर्मास. आमच्यातलं कुणीही स्टेजवर पैसे घेऊन वाजवत नाही आणि तशी पाळी येईल असंही दिसत नाही.

मी पहिल्यांदा यांच्यात बसलो त्या रात्री माझी तयारी तुमच्याएवढीच होती. म्हणजे मला तरी ती तयारी वाटत होती. गुरुजींनी विचारलं, "पट्टी कोणती तुझी?" पट्टी म्हणजे सा कुठल्या सुरावर धरायचा ते, आणि तिचं नाव पेटीच्या काळ्या-पांढऱ्या बटणांच्या क्रमावरून. मी ऐटीत सांगितलं, काळी एक. ते म्हणाले, "पांढरी दोन धर बाबा, आज गळा मोकळा हाय." मामांनी हातोडी काढली, वादीखालचे लाकडी गट्टे ठोकले, काठाच्या गजऱ्यावर वरून चार टिचक्या मारल्या आणि तबला अर्धा सूर वर नेला. सगळं मिळून दोन-तीन मिनिटांचं काम. तेवढ्या वेळात मला घाम फुटला, कारण तबला पांढरी दोनला गेला तरी मी काही जाऊ शकत नव्हतो.

पेटी समोर घेऊन हे बघा. काळी एकमध्ये शुद्ध सप्तक वाजवलं तर सा, रे, म, प, ध काळ्यांवर येतात, फक्त ग आणि नी पांढऱ्यांवर. पांढरी दोनला गेलात की बरोब्बर उलटं : ग आणि नी काळ्यांवर, बाकीचे पाच पांढऱ्यांवर. अंतर अर्ध्या सुराचं, पण बोटांच्या दृष्टीनं घर पूर्ण उलटं फिरवून ठेवल्यासारखं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला अभंग येतच नव्हता. काळी एकमधल्या जागा तेवढ्या पाठ होत्या. सायकलवरून रोजच्या रस्त्यानं घरी जाणारा माणूस आणि गाव माहीत असलेला माणूस यांत जो फरक असतो, तो.

म्हणून माझा सल्ला असा की नवीन अभंग शिकणं दोन महिने बंद करा. येणाऱ्यांपैकी एकच घ्या, त्याची सरगम तोंडानं म्हणता आली पाहिजे, आणि तोच तीन पट्ट्यांत बसवा : काळी एक, पांढरी दोन, काळी दोन. पुरुष गाणारे असले की बहुतेक भजनं याच्याच आसपास फिरतात. बायकांचं भजनी मंडळ असेल तर काळी चार-काळी पाचची तयारी ठेवा. स्केल चेंजर पेटी, म्हणजे बटणं सरकवून पट्टी बदलता येते ती, घेतली की हा प्रश्न मिटतो असं दुकानदार सांगतील. मिटतो खरा, पण पेटी जड होते, महाग पडते, आणि भजनात समोर येणारी पेटी तुमची नसते, देवळाची असते.

पट्टी जमली तरी मी घसरतच होतो, त्याचं कारण वेगळं निघालं. घरी चुकलं की आपण काय करतो? थांबतो, मागं जातो, ती ओळ परत घेतो. घरी कुणी बघत नाही. दीड वर्ष रोज हेच केलं की हाताला थांबायची सवय लागते, आणि भजनात ताल कुणासाठी थांबत नाही. मी एकदा असाच अडखळून "सॉरी सॉरी" म्हणत थांबलो तर मामा वाजवता वाजवता ओरडले, "ओ शेठ, एक थांबा हुकला म्हणून मी गाडी रिव्हर्स घेत नसतो! पुढच्या थांब्यावर चढा की!"

पुढचा थांबा म्हणजे सम, तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा. चुकलं की बोट उचला, भाता चालू ठेवा, नुसता सा धरा, आणि सम आली की आत या. हे वाचायला सोपं आहे, पण याचा सराव मुद्दाम करावा लागतो. मी मोबाइलवर केरव्याचा ठेका लावायचो, संथ लयीत, आणि ध्रुपदाची, म्हणजे कडव्यामागून परत परत येणाऱ्या सुरुवातीच्या भागाची, एक ओळ वाजवून दुसरी मुद्दाम सोडून द्यायचो. हात मांडीवर. आठ मात्रा मनात मोजायच्या, धागेनाती नकधिना, आणि बरोबर समेवर परत शिरायचं. सुरुवातीला दहातून सात वेळा मी आधीच शिरायचो. घाई. हा खेळ जमायला लागला तसा चारचौघांतला घाम कमी झाला, कारण चुकल्यावर परत यायचा रस्ता सापडला होता.

घाईचा विषय निघाला म्हणून त्या पोरीचा किस्सा सांगतो. तिनं एका गुरुवारी न सांगता मोबाइलवर आमचं सगळं रेकॉर्ड केलं आणि चहाच्या वेळी लावलं. म्हणाली, "काका, तुम्ही कडवं आलं की पळायला लागता." मी मान्य करायला तयार नाही. मग तिनं घड्याळ लावून दाखवलं. ध्रुपद आरामात आणि अंतरा चढला की मी शिवारात पाऊस आल्यासारखा पळतोय. मामा माझ्यामागं तबला घेऊन फरफटत. मी मुकाट बसलो. तेवढ्यात गुरुजी डोळे मिटून ऐकत होते, त्यांनी विचारलं, "आणि हा मधूनच बेसूर लागायलाय तो कोण?" कुणी काही बोलेना. पोरगी थर्मासचं झाकण लावत बसली. शेवटी त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते इतके हसले की ठसका लागला. तुम्हीही रेकॉर्ड करा. ऐकवत नाही, तरी ऐका.

आता थोडं साथीबद्दल, कारण इथं व्हिडिओ बघून शिकलेल्यांची सगळ्यात जास्त पंचाईत होते. व्हिडिओत माणूस गाण्याची पूर्ण चाल वाजवून दाखवतो, सूर न् सूर. आपण ते पाठ करतो आणि भजनात जाऊन गाणाऱ्याच्या डोक्यावर तेच वाजवतो. गुरुजी मला दोन महिने एकच वाक्य ऐकवत होते : "तू माझ्या पुढं पळायलास. माझ्या मागं ये." गाणारा ओळ म्हणत असताना हलक्या हातानं, अर्धा श्वास मागं राहायचं. त्यानं ओळ सोडली की त्या रिकाम्या जागेत दोन-चार सूर भरायचे, आणि तो परत तोंड उघडायच्या आत बाजूला व्हायचं. हे ऐकून ऐकूनच येतं. आप्पा जळगावकर हे केवढे मोठे पेटीवाले, मूळचे आपल्या जालन्याचे. भीमसेन जोशींना त्यांनी साथ केलीय. त्यांची जी ध्वनिमुद्रणं मिळतील ती हेडफोन लावून ऐका, आणि या वेळी गाणं सोडून फक्त पेटीकडं कान ठेवा. ते किती वेळा गप्प बसतात ते मोजा.

गुरुजींचा तर पेटीवरच मुळात अर्धा राग आहे. सूर पक्के बांधलेले, त्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, हा त्यांचा मुद्दा. तो खोटा नाही. असल्याच कारणांनी आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती आणि ती पार १९७१ पर्यंत टिकली. मी त्यांना म्हणतो, गुरुजी, मग आणा सारंगीवाला परभणीत शोधून. त्यावर ते "वाजव, वाजव" म्हणतात.

क्लासचं म्हणाल तर चांगला गुरू मिळत असेल तर जरूर जा. अलंकार म्हणजे सुरांचे पलटे, बोटं ठेवायची पद्धत, भाता कसा हलवायचा, हे समोर बसूनच नीट येतं. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आहेत आणि चाळिशीतली माणसंही त्या देतात. पण क्लासमध्येही तुम्ही एकटेच वाजवाल. चारचौघांत वाजवायचं ते चारचौघांत बसूनच येणार.

आणि त्यासाठी भजनासारखी जागा नाही. ओळ एकानं म्हणायची, मागं सगळ्यांनी तीच म्हणायची, असं चार-चार, सहा-सहा वेळा चालतं. म्हणजे पहिल्यांदा सूर सापडला नाही तर तिसऱ्यांदा सापडतो, आणि तोवर टाळांच्या आवाजात तुमची चूक कुणाला ऐकूही येत नाही. सिनेमाच्या गाण्यात ही सवलत नाही. आमची पोरगी हट्टानं जुनी सिनेमाची गाणी बसवायला लावते, मधले सगळे पीस जसेच्या तसे, आणि त्या रात्री आम्ही चौघंही परीक्षेला बसल्यासारखे असतो.

वाद्याकडंही लक्ष द्या. आमच्या चुकीतून शिका. पखवाजाच्या डाव्या बाजूला कणीक लावतात, वाजवून झालं की ती खरवडून काढायची असते. एका गुरुवारी उशीर झाला, मामा म्हणाले, राहू दे, उद्या बघू. उद्या कुणी आलं नाही. बियाणांचं गोदाम, त्यात उंदरांना काय कमी! पण त्यांना कणीकच गोड लागली. कणकेबरोबर पुडी, म्हणजे पखवाजाच्या तोंडावरचं चामडं, कुरतडली, आणि तोंडाला चव आली म्हणून की काय, शेजारच्या पेटीच्या भात्याचं चामडंही. पुढच्या गुरुवारी मी भाता मारला तर फुस्स. मामांचं तोंड बघवत नव्हतं. एरवी पखवाजाचा विषय निघाला की ते आपेगावच्या शंकरबापूंवर, पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांवर, अर्धा तास बोलतात, त्या दिवशी एक अक्षर नाही. तेव्हापासून वाद्यं लोखंडी कपाटात असतात.

उन्हाळ्यात आपल्याकडं चामडं कडक होऊन तबला आपोआप चढतो, पावसाळ्यात उतरतो, हे तबलेवाला बघेल. पेटीवाल्यानं धूळ सांभाळायची. एखादा सूर अचानक मुका झाला तर बहुतेक वेळा रीडमध्ये, म्हणजे सूर काढणाऱ्या पितळी पात्यात, कचरा अडकलेला असतो. वरची लाकडी फळी काढून पातळ कागद रीडच्या जिभेखालून हळूच सरकवा, मोकळा होतो. पितळेची जीभ खरवडू मात्र नका. टोकाकडं घासली की सूर चढतो, बुडाकडं घासली की उतरतो, आणि एकदा बिघडला की मग कारागिराकडं जावं लागतं.

आता तुमच्यापुरतं सांगायचं तर गल्लीतल्या भजनात पुढचे दोन महिने पेटी मागू नका. टाळ घ्या, पेटीवाल्याच्या शेजारी बसा आणि त्याचा उजवा हात बघा. बरोबरीनं घरी तीन पट्ट्या चालू ठेवा. मग जवळपासच्या एखाद्या गावात सप्ताह बसला की तिथं जा. रात्रीच्या कीर्तनाला पेटीवर तुमचा नंबर लागायचा नाही, तिथं मोठमोठे बसलेले असतात. पण पहाटेच्या काकड्याला पेटीवाला उठत नाही. चार वाजता विणेकरी असतो, दोन-चार म्हातारी माणसं असतात आणि पेटी कोपऱ्यात झाकून ठेवलेली असते. मी असाच शिकलो. सात दिवस सात पहाटे, कुणी काही बोललं नाही, चौथ्या दिवशी एक म्हातारबुवा नुसतं म्हणाले, "उद्या बी ये रं."

पायमोजे घालून जा. देवळातली फरशी पहाटे चारला लई गार असते.