फ्ली मार्केटमध्ये स्टॉल लावायला लायसन्स लागतं का, आणि नक्की कुठलं?

तुमचा प्रश्न असा दिसतोय की महिन्यातून एकदा फ्ली मार्केटमध्ये, म्हणजे जुन्या आणि घरी बनवलेल्या वस्तूंच्या बाजारात, टेबल घ्यायचंय, घरातल्या जुन्या वस्तू आणि स्वतः बनवलेले साबण ठेवायचेत, आणि ऑर्गनायझर म्हणतोय "भाडं भरा आणि या, बाकी काही लागत नाही", तर हे खरं आहे का. अर्धंच खरं आहे. जागेपुरतं. मी सहा वर्षं असे स्टॉल लावतेय, मणी, जुनी बटणं, लोकर असं सगळं, आणि याच वाक्यावर विसंबून पहिल्या वर्षी माझा एक अख्खा दिवस गेला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही आणि नियम देशादेशात काय, शहराशहरात बदलतात. पण विचारायचे प्रश्न सगळीकडे तेच: जागा कोणाची आहे, वर्षातून किती वेळा विकणार आणि टेबलावर काय मांडणार. लोक पहिला विचारतात आणि थांबतात, घोळ कायम तिसऱ्यात होतो.

जागेचं आधी. खासगी मैदान किंवा हॉल असेल तर बाजार भरवायची परवानगी, फायर, लाउडस्पीकर, पार्किंग हे ऑर्गनायझरचं काम, त्यात तुम्ही पडायची गरज नाही, फक्त ती परवानगी आहे ना हे विचारून घ्या. रस्त्यावर किंवा फुटपाथवर असेल तर गोष्ट वेगळी. भारतात 2014 च्या पथविक्रेता कायद्याखाली विक्रेत्याला स्वतःच्या नावाचं विक्री प्रमाणपत्र लागतं आणि ते शहराची पथविक्रेता समिती देते, दुसऱ्याच्या नावावर आपण उभं राहायचं असं चालत नाही.

आता किती वेळा विकता. घरातला पसारा एकदा काढून विकणं आणि विकायसाठी माल आणणं यात बहुतेक देश फरक करतात. फ्रान्समध्ये व्यावसायिक नसलेल्या माणसाला अशा बाजारात वर्षातून फक्त दोनदा बसता येतं, तेही स्वतःच्या वापरलेल्या वस्तू घेऊन. ब्रिटनमध्ये वर्षाला 1000 पौंडांपर्यंतच्या अशा वरकड उत्पन्नावर सहसा टॅक्स नाही. कॅलिफोर्नियात थोड्या दिवसांसाठी विकणाऱ्याला 90 दिवसांपर्यंतचं तात्पुरतं सेलर्स परमिट, म्हणजे विक्रीचा परवाना, मिळतं. भारतात तुम्ही दुसऱ्या राज्यात जाऊन अधूनमधून स्टॉल लावत असाल तर जीएसटीत कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन, म्हणजे अधूनमधून विकणारा करदाता, म्हणून नोंदणीचा नियम आहे, उलाढाल कमी असली तरी, आणि टॅक्स अंदाजाने आधी भरावा लागतो, हाताने बनवलेल्या काही वस्तूंना यात सूट आहे. तुम्ही महिन्यातून एकदा म्हणताय म्हणजे वर्षाला बारा वेळा, हे कुठल्याच ऑफिसला "कधीतरी" वाटणार नाही, तेव्हा टॅक्सचं पहिल्या महिन्यातच विचारून टाका.

आणि आता माल.

त्या पहिल्या वर्षी मी मणी ग्रॅमवर विकायचे. घरातला स्वयंपाकाचा डिजिटल काटा नेला होता, नवा कोरा, वजन अगदी बरोबर दाखवायचा. साडेअकराच्या सुमाराला वजनमापे खात्याचे एक अधिकारी आले आणि काही न बोलता त्यांनी काटा उचलून उलटा केला. मला वाटलं कंपनीचं नाव बघतायत. ते पडताळणीचा शिक्का शोधत होते. शिक्का नव्हताच, उलट खाली बारीक अक्षरात छापलं होतं की हा काटा व्यापारासाठी नाही, मी ते कधी वाचलंच नव्हतं. दंड केला नाही त्यांनी, पण काटा पिशवीत घालायला लावला आणि वजनावर विकायचं नाही म्हणून सांगितलं. मग मी आणि शेजारच्या स्टॉलवरची मुलगी, दोघी खाली चादरीवर बसून मणी मोजत बसलो, पन्नास पन्नासच्या पुड्या, कारण नगावर विकायला काटा लागत नाही. तीन वाजेपर्यंत एका गिऱ्हाईकाकडे धड बघता आलं नाही, आणि ऑर्गनायझरला विचारलं तर म्हणाला, तुमचा काटा माझ्या परवानगीत कसा येईल? त्याचं बरोबरच होतं. प्रश्न मी आधी विचारायला हवा होता.

तुमच्या साबणांबद्दल तर मला खरंच काळजी वाटते, कारण साबण दिसायला साधा आणि कायद्याला अवघड. भारतात अंगाचा साबण कॉस्मेटिकमध्ये धरला जातो आणि विकायसाठी बनवायचा तर उत्पादनाचं लायसन्स लागतं, घरच्या किचनमध्ये चार वड्या केल्या तरी. ब्रिटन आणि युरोपात प्रत्येक रेसिपीचा सेफ्टी रिपोर्ट करून घेऊन प्रॉडक्टची सरकारी पोर्टलवर नोंद करावी लागते. अमेरिकेत नुसता खरा साबण "साबण" म्हणून विकला तर तो कॉस्मेटिक धरत नाहीत, पण लेबलवर "त्वचा मऊ करतो" एवढं लिहिलं की तोच साबण कॉस्मेटिक होतो. म्हणजे वडी तीच, नुसत्या लेबलवरच्या दोन शब्दांनी नियम बदलतो. तेव्हा साबण टेबलावर मांडण्याआधी तुमच्याकडचा नियम शोधा, आणि तोपर्यंत साबण घरीच राहू द्या, जुन्या वस्तूंनी सुरुवात करा. हे मी तुमची आवड मोडायला सांगत नाहीये, कोणाच्या अंगावर पुरळ उठलं तर ऑर्गनायझर पुढे येणार नाही, तुम्हालाच उभं राहावं लागेल, म्हणून सांगतेय.

खाण्याचं तुम्ही लिहिलं नाहीये म्हणून थोडक्यात. पुढे कधी लोणचं किंवा बिस्किटं ठेवावीशी वाटली तर फूड रजिस्ट्रेशन वेगळं, तात्पुरत्या स्टॉललाही. भारतात एफएसएसएआयच्या, म्हणजे सरकारच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या, नियमात तात्पुरता स्टॉल लावणारा स्पष्ट लिहिलेला आहे, ब्रिटनमध्ये विक्री सुरू करायच्या निदान 28 दिवस आधी कौन्सिलकडे, म्हणजे तिथल्या नगरपालिकेकडे, नोंद करायची असते आणि ती फुकट होते.

जुन्या वस्तूंमध्ये तीन ठिकाणी सांभाळा. लहान मुलांच्या वस्तू: जुना पाळणा, कार सीट, खेळणी कंपनीने परत मागवलेली आहेत का ते नाव आणि मॉडेल टाकून तपासा, अमेरिकेत अशी परत मागवलेली वस्तू विकणं 2008 पासून बेकायदा आहे, जुनी असली तरी आणि एकच असली तरी. दुसरं, हस्तिदंत, कासवाची पाठ, जंगली जनावराचं कातडं असलेलं काहीही, आजीच्या पेटीतलं असलं तरी टेबलावर नको. आणि तिसरं, खूप जुनी मूर्ती किंवा नाणी. भारतात शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तू 1972 च्या कायद्यात पुरावस्तू म्हणून येऊ शकतात आणि त्यांचा धंदा करायला वेगळं लायसन्स लागतं. दुसऱ्यांकडून जुने मोबाइल, दागिने विकत घेऊन विकणार असाल तर कोणाकडून घेतलं याची नोंदवही पुष्कळ ठिकाणी सक्तीची आहे, नसली तरी ठेवा, माल चोरीचा निघाला तर तीच कामाला येते.

इन्शुरन्स हा परवाना नाही तरी विचारा. ऑर्गनायझरचा इन्शुरन्स बहुतेक वेळा मैदानाचा असतो, तुमची छत्री वाऱ्याने उडून कोणाला लागली तर त्यात ते येईलच असं नाही. छत्रीच्या पायाला पाण्याचे कॅन बांधा, मी दर वेळी बांधते.

तर आता करायचं काय, तर टेबलावर काय काय ठेवणार त्याची यादी करा, अगदी "साबण", "जुने चमचे", "मुलांची खेळणी" अशी, आणि ऑर्गनायझरला मेसेजवर पाठवून एकच प्रश्न विचारा: यातलं काय तुमच्या परवानगीत येतं आणि कशासाठी मला स्वतःला परवाना काढावा लागेल? फोनवर नको, लेखी उत्तर घ्या. तेच उत्तर घेऊन महापालिकेच्या किंवा कौन्सिलच्या लायसन्स खिडकीवर जा, तिथे "स्टॉल लावायचाय" असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर मिळतं, यादी समोर ठेवली की माणूस बोट ठेवून सांगतो. बाजाराच्या निदान महिनाभर आधी जा. माझ्या टेबलावर आता शिक्का मारलेला काटा असतो, त्याचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पाकिटात घालून काट्याखालीच ठेवते, आणि यादी पाठवलीत की ऑर्गनायझर काय म्हणतो ते इथे लिहा, साबणाचं काय ते आपण बघू.