मंगळवार पेठेत घर असताना खोली पन्हाळ्यावर?

पत्र : ताई, मी मूळचा कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, नोकरीसाठी पुण्यात राहतो. बायको नागपूरची. लग्नाला नऊ वर्षं झाली, सहा वर्षांची मुलगी आहे. गेल्या गणपतीत बायको हसत हसत म्हणाली, "नऊ वर्षं कोल्हापूरला येतेय, पण तुमचं स्वयंपाकघर सोडून मला कोल्हापूर माहीत नाही." ते डोक्यातून जात नाही. 1 फेब्रुवारीला लग्नाचा वाढदिवस आहे. तिला न सांगता कोल्हापुरात हॉटेल बुक करावं, खोली फुलांनी, फुग्यांनी सजवून घ्यावी आणि दोन दिवसांत सगळं कोल्हापूर दाखवावं असं मनात आहे. सोबत बेत लिहिला आहे. पण स्वतःचं घर असताना हॉटेलात राहिलो हे आईला कळलं तर ती दुखावेल. न सांगता उरकलेलं बरं का?

उत्तर :

न सांगता उरकणार? कोल्हापुरात? अरे, महाद्वार रोडवर दहा पावलं टाकलीस की कुणीतरी "काय भावा, कधी आलास?" म्हणून आडवा येणार. तू हॉटेलच्या रिक्षातून उतरायच्या आत ती बातमी तुझ्या आईच्या उंबऱ्यात पोचलेली असेल. आणि मग काय होईल ते नीट डोळ्यांसमोर आण. आई तुला दोन शब्द बोलेल आणि विसरेल, तू लेक आहेस. "सुनेला आमचं घर चालत नाही" हे वाक्य मात्र पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात, बारशात फिरत राहील. बेत तुझा आणि बोल तिला.

म्हणून पहिली गोष्ट : सरप्राइज रद्द. बायकोला आजच सांग. तू तिला अचानक हॉटेलच्या दारात उभं केलंस तर दोन दिवस तिचं लक्ष फुलांकडे नसेल, समोरून कुठली चुलत सासूबाई येतेय याकडे असेल.

दुसरी गोष्ट : आईला फोन तू करायचा. बायकोच्या फोनवरून नाही, बहिणीकरवी नाही. परवानगी मागतोयस असा सूर नको आणि भांडायला उभा राहिलास असाही नको. "आई, पोरीला दोन दिवस तुझ्याकडं सोडतो. आम्ही दोघं पन्हाळ्यावर राहणार हाय. मी ठरवलंय. परत येऊन जेवणार तुझ्याकडंच." एवढंच. 'मी ठरवलंय' हे गाळू नकोस, सगळी मदार त्यावर आहे. आई क्षणभर गप्प होईल, मग "घर काय पडलंय व्हय?" असं म्हणेल. म्हणू दे. नात दोन दिवस एकटी मिळणार म्हटल्यावर फोन ठेवायच्या आधीच ती नातीला काय आवडतं ते विचारायला लागेल.

'पन्हाळ्यावर' असं मी मुद्दाम लिहिलंय. गावात हॉटेल घेऊच नकोस. मंगळवार पेठेत घर असून गावात खोली घेतली की ते घराकडे पाठ फिरवल्यासारखं दिसतं, आणि पन्हाळ्यावर मुक्काम केला की ते फिरायला जाणं होतं. अंतर जेमतेम 20 किलोमीटर, पण घरच्यांच्या मनात त्या 20 किलोमीटरला फार किंमत आहे. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट. तुझ्या आधारवर अजून मंगळवार पेठेचाच पत्ता असेल. स्थानिक पत्त्याच्या जोडप्याला खोली द्यायला काही लॉजवाले का-कू करतात, नवरा-बायको असले तरी. बुकिंग करताना फोनवरच विचारून घे. काउंटरवर उभं राहून लग्नाचा पुरावा द्यायची वेळ लग्नाच्या वाढदिवसाला येऊ नये.

आता तुझा बेत. शनिवारी अंबाबाई, भवानी मंडप, न्यू पॅलेस, टाउन हॉल, खासबाग, रंकाळा. रविवारी जोतिबा, पन्हाळा, कणेरी मठ आणि 'वेळ उरल्यास खिद्रापूर'. वेळ उरल्यास! खिद्रापूर शिरोळ तालुक्यात, पार कृष्णेकाठी, साठेक किलोमीटरवर. ही तू शाळेची सहल आखली आहेस, फक्त डब्याची वेळ लिहायची राहिली. बायकोनं 'मला कोल्हापूर माहीत नाही' म्हटलं आणि तू ते यादी पुरी करायच्या कामासारखं ऐकलंस. मला ते वेगळं ऐकू आलं. नऊ वर्षं ती तुझ्या गावात येते तेव्हा तू मित्रांत असतोस आणि ती ओट्यापाशी. तिला तुझ्याबरोबरचं कोल्हापूर हवंय.

तेव्हा कात्री लावूया. न्यू पॅलेस 1884 पासून तिथंच उभा आहे, पुढच्या खेपेला मुलीला घेऊन दाखवा. पेंढा भरून काचेत ठेवलेले वाघ-बिबटे तिलाच जास्त आवडतील. टाउन हॉल, कणेरी मठ, खासबाग हेही तेव्हाच.

पहाटे पुण्यातून निघा, सकाळी घरी पोचा. चहा घ्या, पोह्यांचा आग्रह झाला तर तेही खा. बशा तू उचलून नेऊन ठेव आणि चप्पल घाल. या घडीला ढिला पडलास तर बायको 'आलेच एवढं आवरून' म्हणत आत जाईल आणि तुझा पन्हाळा दुपारी चारला सुरू होईल.

गडावर पोचल्यावर दुपारी काही करू नका. झोपा. लहान मुलाच्या आईला दिवसाढवळ्या, कुणी न उठवता मिळालेली झोप ही फुग्यांनी सजवलेल्या खोलीपेक्षा कितीतरी मोठी भेट आहे (फुगे रद्द कर, ते पैसे जेवणाला ठेव). ऊन उतरलं की तीन दरवाजा बघत पुसाटी बुरुजाकडे जा, मावळती तिथून बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर सज्जा कोठी, गाड्या भरभरून माणसं यायच्या आत. मधे अंबरखाना आणि अंधारबाव. तीन मजली विहीर आहे ती, आत उन्हाळ्यातही गार. भूक लागली की झुणका-भाकरी. आणि एक हात जोडून विनंती : सिद्दी जौहरचा वेढा आपणहून सुरू करू नकोस. कोल्हापूरचा कुठलाही पुरुष पन्हाळ्यावर पाय ठेवला की 1660 सालात जातो आणि बाजीप्रभू पावनखिंडीत पोचेपर्यंत परत येत नाही. तिनं विचारलं तर सांग, अगदी महाराज निसटले ती राजदिंडीची वाट दाखवून सांग. नाही विचारलं तर तिच्याबद्दल विचार.

तारखेचं म्हणशील तर तुमचं नशीब चांगलं आहे. 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी हे अंबाबाईच्या किरणोत्सवाचे दिवस. मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात. पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर, असं मानतात. बायकोला हे आवडेल, पण 'दाखवतोच' असा शब्द देऊ नकोस. ढग येतात, वाटेतल्या इमारती आड येतात, किरणं कधी चरणांपर्यंतही पोचत नाहीत, आणि त्या वेळी गर्दीत तुला बायकोचा अंबाडाही दिसणार नाही. जमलं तर बघा. खरं दर्शन गडावरून उतरल्यावर, एखाद्या पहाटे घ्या. तिला ओटी भरायची असेल तर घाई करू नकोस, घड्याळ बघत खांबाला टेकून उभा राहू नकोस.

रंकाळ्यावर संध्याकाळी जाऊ नका. निम्मी मंगळवार पेठ तिथं फिरायला आणि भेळ खायला असते. सकाळी जा, संध्यामठाच्या बाजूनं चालत. मात्र एक संध्याकाळ गंगावेशीत दूध कट्ट्यावर घेऊन जा. समोर म्हैस पिळतात आणि फेसाळतं दूध हातात देतात. तुला त्यात काही विशेष वाटणार नाही, तू लहानपणापासून ते प्यायलायस. तिला वाटेल. तुझ्या बेतातल्या मेणबत्तीच्या जेवणाऐवजी मी हे सुचवतेय.

खिद्रापूर तू शेवटी टाकलंस, पण मला विचारशील तर दोघांसाठी पन्हाळ्याखालोखाल तीच जागा. अर्धा दिवस मोकळा काढता आला तरच जा. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे, भोवती 48 खांब. त्याखाली उभं राहिलं की माणूस आपोआप हळू बोलतो. देव मात्र रुसलेला : सती माहेरी गेली ती परत आली नाही म्हणून कोपलेला शंकर, आणि त्याची समजूत घालायला आलेला विष्णू. ती नंदीवर बसून गेली म्हणून इथं नंदीही नाही, असं सांगतात. लग्नाच्या वाढदिवसाला असला देव दाखवायचा म्हणजे बायको विनोद समजणारी हवी. तुझी आहे, तिच्या त्या एका वाक्यावरून कळतं. येताना नृसिंहवाडीला थांबून बासुंदी आणि कवठाची बर्फी.

खरेदीत साज घ्यायचा असेल तर तिला गुजरीत, सराफांच्या गल्लीत घेऊन जा, तिच्या गळ्याला काय शोभतं ते तू ठरवू नकोस. चपला भवानी मंडपाजवळच्या चप्पल लाइनीत बघा, पण नव्या चपला घालून गड चढू नका. पहिले काही दिवस त्या चावतात.

आणि मटण. दोन दिवस बाहेर मिसळ खा, काहीही खा, पण तांबडा-पांढरा हॉटेलात चाखू नका. तो शेवटच्या दिवशी आईच्या हातचा. हा मान तिच्यासाठी राखून ठेवलाय हे तिला आधी कळू दे, मग बघ हॉटेलचा विषय कसा मागे पडतो. त्या जेवणाला बायकोला पाहुणी म्हणून पाटावर बसव आणि वाढायला तू उठ. आई म्हणेल, "तू बस, तुला जमणार न्हाई." सांडलं तरी चालेल, वाढत राहा.

तेवढ्यात तुझी बहीण विचारणारच, "खोलीला किती पडले?" आकडा सांगू नकोस. "ऑफर होती" म्हण आणि तिच्या वाटीत आणखी रस्सा ओत.